टाक्यांनंतरची विद्या : पुण्यातील एका अनाम शल्यकर्त्याची कहाणी

लंडनमधून निघणाऱ्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र आणि त्यासोबत एक चित्र प्रसिद्ध झाले. चित्रात डोक्याला पागोटे बांधलेला एक हिंदी मनुष्य आहे. त्याच्या कपाळावर व्रण आहे आणि चेहऱ्यावर नवे नाक आहे. हे नाक पुण्याजवळ तयार झाले होते आणि ते तयार करणारा मनुष्य विटा पाडणाऱ्या जातीतला होता, अशी माहिती पत्रलेखकाने दिली होती. युरोपातील वैद्यकविश्वाचे लक्ष या पत्राने वेधून घेतले. आज जगभर 'प्लास्टिक सर्जरी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शास्त्राच्या इतिहासात या पत्राला मानाचे स्थान आहे.

शल्यचिकित्सा हा विषय इतिहासाच्या शिक्षकाने का हाताळावा, असा प्रश्न वाचकांना पडणे स्वाभाविक आहे. त्याची कारणे दोन. पहिले असे की ही घटना आपल्या महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासाचा भाग आहे; तरी शालेय पाठ्यपुस्तकांतून ती अभावानेच आढळते. दुसरे कारण व्यवहारातले आहे. निवासी शाळेत दरवर्षी भाजल्यामुळे आखडलेला हात, दुभंगलेला ओठ किंवा अपघातातील जुनी जखम घेऊन काही मुले येतात. त्यांच्यावर शस्त्रक्रिया होते. मात्र शस्त्रक्रियेनंतरचे दिवस ती आपल्या वसतिगृहात किंवा आईवडिलांच्या घरी काढतात. त्या दिवसांत काय घडते आणि काय घडत नाही, यावरच शस्त्रक्रियेचे यश पुष्कळ अंशी ठरते. पुण्याच्या त्या अनाम शल्यकर्त्याला ही गोष्ट नेमकी ठाऊक होती.

कावसजीचे नाक

पत्रात रुग्णाचे नाव 'कावसजी' असे दिले आहे. हे नाव पारशी वाटत असले तरी तो मराठा शेतकरी असल्याचे लेखकाने स्पष्ट म्हटले आहे. १७९२ च्या युद्धात तो इंग्रजांच्या सैन्यात बैल हाकण्याच्या कामावर होता. टिपू सुलतानाच्या सैन्याच्या हाती सापडल्यावर त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुढे त्याला कंपनी सरकारची पेन्शन मिळाली. वर्षभराहून अधिक काळ तो नाकाविना राहिला.

नाक कापणे ही त्या काळची केवळ शारीरिक शिक्षा नव्हती. माणसाला ठार न मारता त्याला आयुष्यभर तोंड लपवायला लावायचे, हा तिच्यामागचा हेतू असे. आपल्या भाषेत 'नाक कापले' म्हणजे 'अब्रू गेली' असा अर्थ रूढ झाला तो उगाच नव्हे. त्यामुळे नाक परत मिळणे म्हणजे चारचौघांत मान वर करून बसण्याचा हक्क परत मिळणे होते. शरीराच्या पुनर्रचनेचा आणि मानवी प्रतिष्ठेचा संबंध इतका जवळचा आहे.

शस्त्रक्रियेची रीत पत्रात बारकाईने नोंदवली आहे. मुंबई इलाख्यातील दोन इंग्रज डॉक्टरांनी ती प्रत्यक्ष पाहिली होती. प्रथम मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या उरलेल्या भागावर बसवून त्याला नाकाचा आकार दिला गेला. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवला आणि त्याच्या कडेने रेघ ओढली. रेघेच्या आतील कातडी कपाळापासून सोडवण्यात आली. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मधोमध तिचा एक चिंचोळा पट्टा न कापता तसाच जोडलेला ठेवला. नाकाच्या जुन्या व्रणाच्या कडा खरवडून ताज्या केल्या, त्यामागे एक चीर घेतली, कपाळावरून खाली आणलेली कातडी अर्धा वळसा देऊन त्या चिरेत बसवली आणि अशा रीतीने नाक उभे राहिले. भूल देण्याचे औषध तेव्हा अस्तित्वात नव्हते. ईथरचा जाहीर प्रयोग त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षांनी, १८४६ साली, अमेरिकेत झाला.

मात्र पत्रातील वर्णन इथे संपत नाही. पुढचा भाग शस्त्रक्रियेनंतरच्या दिवसांचा आहे आणि तोच या लेखाचा खरा विषय आहे.

पंचवीस दिवसांचा हिशेब

नाक बसवल्यावर पाण्यात भिजवून मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरला गेला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवून जोड घट्ट धरला गेला. विड्याच्या पानाला लावतात तोच हा कात. चार दिवस दुसरे काहीही लावायचे नाही. चौथ्या दिवसानंतर तो काढून तुपात भिजवलेली कापडे ठेवायची. पहिले पाच-सहा दिवस रुग्णाने उताणे पडून राहायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे घालायचे, म्हणजे त्या मिटणार नाहीत. डोळ्यांमधला जोडपट्टा सुमारे पंचविसाव्या दिवशी कापायचा आणि मग नाकाचा आकार थोडा नीट करायचा.

या प्रत्येक सूचनेमागे कारण आहे. आज ते कारण आपण शरीरशास्त्राच्या भाषेत सांगू शकतो.

डोळ्यांमधला पट्टा का ठेवला? कातडी जिवंत राहायची तर तिला रक्त मिळाले पाहिजे. फळ जसे देठातून पोसले जाते, तशी ही कातडी त्या पट्ट्यातून पोसली जात होती. भुवईच्या आतल्या टोकाजवळून कपाळाकडे जाणारी एक रक्तवाहिनी हे काम करते. हळूहळू नाकाच्या कडांमधून नव्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आत शिरतात आणि कातडी नव्या जागी स्वतःच्या बळावर जगू लागते. त्यास साधारण तीन आठवडे लागतात. त्याआधी देठ तोडला तर कातडी काळी पडून मरते. आजही कपाळाच्या कातडीने नाक घडवताना शल्यविशारद बहुधा तीन आठवड्यांच्या सुमारासच हा देठ कापतात. पुण्याच्या शल्यकर्त्याने रक्तवाहिन्यांचा नकाशा पाहिला नव्हता. परंतु किती दिवस थांबावे, हे त्याला अनुभवाने कळले होते.

कात कशासाठी? कातात टॅनिन हे तुरट द्रव्य असते. ते ऊतींना आवळते, रक्तस्राव कमी करते आणि वाळल्यावर कापड कडक होते. म्हणजे एकाच पदार्थाने रक्त थांबवणे व जोड स्थिर ठेवणे ही दोन्ही कामे साधली. चार दिवस पट्टी न उघडण्याचे कारणही हेच. जोड हलला की नव्याने फुटणाऱ्या रक्तवाहिन्या तुटतात. त्यानंतरचे तूप जखमेवरची खपली मऊ ठेवी, त्यामुळे कापड ओढताना जखम पुन्हा उघडत नसे.

उताणे का झोपवले? कुशीवर वळल्यास नव्या नाकावर दाब येतो आणि देठ पिळला जातो. नाकपुड्यांत बोळे का? जखम भरताना व्रण आकसतो आणि नाकपुडीचे छिद्र लहान होत जाते. दिसायला सुंदर पण श्वास न घेता येणारे नाक काय कामाचे!

म्हणजे कातडी मरणे, रक्त वाहणे, जोड सुटणे, छिद्र मिटणे हे चारही धोके त्या मनुष्याने आधीच ओळखले होते आणि प्रत्येकावर उपाय योजला होता. कापण्या-जोडण्याचे काम फार तर काही घटकांचे. सांभाळण्याचे काम पंचवीस दिवसांचे. त्याची विद्या या दोहोंची मिळून होती. आजच्या वाचकांनी मात्र एक सावधगिरी बाळगावी. कात आणि तूप हे त्या काळाचे उपाय होते. निर्जंतुक पट्ट्या, टाके आणि प्रतिजैविके उपलब्ध असताना आज जखमेवर ते लावणे धोक्याचे आहे. घ्यायचा तो त्यातील विचार.

या पत्राने प्रभावित होऊन जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यविशारदाने वर्षानुवर्षे मृतदेहांवर सराव केला आणि २३ ऑक्टोबर १८१४ रोजी लंडनमध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर हीच शस्त्रक्रिया यशस्वी केली. १८१६ साली त्याने त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तेथून ही पद्धत जर्मनी आणि पुढे सर्व युरोपात पसरली. मराठी मुलखातील ज्ञान लंडनला पोहोचायला वीस वर्षे लागली.

नाव कोणाचे राहिले?

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून या प्रसंगाकडे पाहताना एक गोष्ट खटकते. रुग्णाचे नाव नोंदले गेले. शस्त्रक्रिया पाहणाऱ्या क्रूसो आणि फिंडले या डॉक्टरांची नावे नोंदली गेली. ज्याच्या कुंचल्यातून कावसजीचे चित्र उतरले, त्या जेम्स वेल्सचे नाव राहिले. हाच वेल्स पुढे आपल्या वेरूळच्या लेण्यांची रेखाटने करून गेला आणि ती रेखाटने १८०३ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाली. परंतु ज्याने नाक घडवले त्याचे नाव कुठेही नाही. त्याची केवळ जात नोंदली गेली.

पत्रात त्याला विटा पाडणाऱ्या जातीचा म्हटले आहे. मराठीत सामान्यतः त्याचा उल्लेख कुंभार असा होतो. नाकाच्या पुनर्रचनेचे वर्णन सुश्रुतसंहितेत आहे, हे आपण अभिमानाने सांगतो आणि ते खरेही आहे. त्या ग्रंथात पानाच्या मापाने गालाची कातडी घेऊन नाक जोडण्याची, श्वासासाठी दोन नळ्या बसवण्याची आणि वर ज्येष्ठमधासारख्या वनस्पतींची पूड टाकण्याची रीत सांगितली आहे. मग अठराव्या शतकात ही विद्या संस्कृत पंडिताच्या घरी न सापडता विटा पाडणाऱ्याच्या हाती का सापडली?

याचे उत्तर समाजरचनेत शोधावे लागते. मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात ज्यांच्या घरचे अन्न निषिद्ध ठरवले आहे, त्यांच्यात वैद्याचाही समावेश आहे. रक्त, पू आणि प्रेत यांना हात लावणारा तो अपवित्र, ही धारणा जिथे रुजली तिथे शल्यकर्म ग्रंथात उरले आणि प्रत्यक्ष हात मात्र श्रमिक जातींचे राहिले. ज्याच्याकडे ग्रंथ त्याच्याकडे शस्त्र नाही आणि ज्याच्याकडे शस्त्र त्याच्याकडे अक्षर नाही, अशी ही फाळणी होती. १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' मध्ये बाबासाहेबांनी जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीही विभागणी आहे, असे जे प्रतिपादन केले, त्याचा अर्थ येथे डोळ्यांसमोर उभा राहतो. हात आणि मेंदू वेगळे झाले की ज्ञान वाढत नाही. पुण्याच्या शल्यकर्त्याने आपली रीत लिहिली असती, तिच्यावर चर्चा झाली असती, शिष्य तयार झाले असते, तर कार्प्यूच्या आधीच या शास्त्राचे पाठ आपल्याकडे पडले असते.

जीवकाची युक्ती

हात आणि मेंदू यांची सांगड घालणारी दुसरी परंपरा याच भूमीत होती. विनयपिटकाच्या महावग्गात जीवकाची कथा विस्ताराने आली आहे. राजगृहातील एका गणिकेच्या पोटी जन्मलेले हे मूल उकिरड्यावर टाकून दिले गेले. राजपुत्र अभयाने त्यास वाढवले. जीवकाने तक्षशिलेस सात वर्षे वैद्यकाचे अध्ययन केले आणि पुढे तो तथागतांचा व भिक्खुसंघाचा वैद्य झाला.

राजगृहाच्या एका श्रेष्ठीच्या डोक्यावर जीवकाने शस्त्रक्रिया केल्याची कथा तेथे आहे. शस्त्रक्रियेपूर्वी त्याने श्रेष्ठीकडून वचन घेतले की, सात महिने एका कुशीवर, सात महिने दुसऱ्या कुशीवर आणि सात महिने उताणे पडून राहावे लागेल. श्रेष्ठीने ते मान्य केले. प्रत्यक्षात सात-सात दिवसांतच तो कंटाळला आणि त्याने जीवकाला तसे सांगितले. तेव्हा जीवकाने खुलासा केला की, सात-सात दिवस पुरेसेच होते. परंतु सात महिने सांगितले नसते तर तू सात दिवसही पडून राहिला नसतास.

या कथेस रुग्णाच्या नोंदवहीचे मोल देता येणार नाही. ती कथा आहे. परंतु ज्या समाजात ती सांगितली गेली, त्या समाजाला शस्त्रक्रियेनंतरची शिस्त किती महत्त्वाची आहे आणि रुग्ण ती किती सहज मोडतो, हे चांगले ठाऊक होते, एवढे तिच्यावरून निश्चित म्हणता येते.

त्याच ग्रंथात अतिसाराने आजारी असलेला एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला असल्याचा प्रसंग आहे. तो इतरांच्या उपयोगी पडत नाही म्हणून कोणी त्याची सेवा करत नव्हते. तथागतांनी आनंदाच्या साहाय्याने त्यास स्वतः आंघोळ घातली, उचलून खाटेवर निजवले आणि रुग्णाची सेवा करणे हीच आपली सेवा होय, असा उपदेश संघास केला. त्यापुढे शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य व अपथ्य कळावे. त्याची सेवा लोभाने नव्हे तर मैत्रीने असावी. मल, मूत्र, थुंकी, वांती यांची त्याला किळस वाटू नये आणि रुग्णास धीर देण्याचे सामर्थ्य त्याच्या वाणीत असावे. ज्याची सेवा करणे अवघड जाते अशा रुग्णाची लक्षणेही दिली आहेत. तो अपथ्य करतो, प्रमाण पाळत नाही, औषध घेत नाही, आपली खरी अवस्था सांगत नाही आणि वेदना सहन करत नाही. आजच्या परिचर्या महाविद्यालयात पहिल्या वर्षी शिकवावी अशी ही यादी आहे.

आपल्या छत्रपती संभाजीनगरशी यातील एक धागा विशेष जोडलेला आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली येथे महाविद्यालय सुरू केले. पुढे त्यास मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. ज्या ग्रंथावरून ही नावे आली त्या 'मिलिंदपञ्ह' मध्ये राजा मिलिंद विचारतो की, प्रव्रजितांना शरीर प्रिय असते काय? नसेल तर ते त्याची काळजी का घेतात? भन्ते नागसेन उत्तरादाखल राजालाच प्रश्न करतात. युद्धात बाण लागून झालेल्या जखमेला मलम लावले होते काय, तेल लावले होते काय, मऊ कापडाने बांधले होते काय? होय. मग ती जखम प्रिय होती काय? नाही, मांस पुन्हा भरून यावे म्हणून तसे केले. दृष्टान्त तत्त्वज्ञानाचा आहे, परंतु तो राजाला पटतो याचे कारण जखमेची निगा ही सर्वांच्या परिचयाची गोष्ट होती. जखमेवर प्रेम करायचे नाही आणि तिची किळसही करायची नाही. ती भरून यावी म्हणून नियमाने काम करायचे, हा त्यातील बोध शस्त्रक्रियेनंतरच्या शुश्रूषेला तंतोतंत लागू पडतो.

सरळ झालेली बोटे

विसाव्या शतकात हाच धडा कुष्ठरोगाच्या क्षेत्रात नव्याने शिकावा लागला. १९४० च्या दशकाच्या अखेरीस तामिळनाडूतील वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरोगाने वाकडी झालेली बोटे सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया सुरू केल्या. निकामी झालेल्या स्नायूंच्या जागी चांगल्या स्नायूंचे कंडरे जोडून हात पुन्हा कामाचा करता येतो, हे त्यांनी दाखवून दिले. महाराष्ट्रात डॉ. नोशिर अँटिया यांनी पुण्याजवळ कोंढवा येथे आणि मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात कुष्ठरुग्णांच्या चेहऱ्याच्या व हातांच्या पुनर्रचनेचे मोठे काम उभारले.

परंतु बोटे सरळ झाली तरी त्यांतील संवेदना परत येत नाही. सरळ झालेल्या हाताने रुग्ण तापलेले भांडे उचलतो, चटका कळत नाही, जखम चिघळते आणि शस्त्रक्रियेने मिळवलेले बोट पुन्हा हातचे जाते. त्यामुळे रोज रात्री हातपाय डोळ्यांनी तपासणे, पाण्यात भिजवून तेल लावणे, भांड्यांना लाकडी मुठी बसवणे, मऊ तळाची पादत्राणे वापरणे ही शिकवण शस्त्रक्रियेइतकीच आवश्यक ठरली. डॉ. अँटिया पुढे सामुदायिक आरोग्याकडे वळले आणि खेड्यातील सामान्य स्त्रीसुद्धा आरोग्याचे पुष्कळ काम उत्तम रीतीने करू शकते, हे त्यांनी आग्रहाने मांडले. ज्ञान थोड्यांच्या हाती कोंडून ठेवू नये, हा त्यामागचा विचार होता.

आपल्या भागातील वास्तव

मराठवाड्यात पुनर्रचनेच्या शस्त्रक्रियेची गरज मुख्यतः तीन कारणांनी पडते. ती म्हणजे भाजणे, जन्मतः दुभंगलेले ओठ व टाळू आणि अपघात. चूल, स्टोव्ह, उकळते पाणी यांनी भाजलेले मूल वाचते. पण कोपर, मान किंवा बोटांवरचा व्रण आकसून सांधा आखडतो. ऊसतोड कामगारांच्या कोपीत उघड्यावर पेटणारी चूल आणि भोवती खेळणारी मुले हे दृश्य आपल्यातील अनेकांनी लहानपणी अनुभवले आहे.

गरीब रुग्णांसाठी शासकीय रुग्णालये आहेत. आपल्या शहरात 'घाटी' म्हणून सर्वांना परिचित असलेले रुग्णालय मराठवाड्याच्या दूरदूरच्या खेड्यांतील माणसांचा आधार आहे. अमेरिकेत स्थायिक झालेले पद्मश्री डॉ. शरदकुमार दीक्षित यांनी अपघाताने अर्धे शरीर दुबळे झाले असता आणि कर्करोगाशी झुंज देत असतानाही दरवर्षी भारतात येऊन मोफत शस्त्रक्रिया शिबिरे घेतली. आपल्या शहरातही ती झाली आणि २०११ साली त्यांचे निधन झाल्यावर त्यांच्या सहकाऱ्यांनी ती परंपरा चालू ठेवली. अशा शिबिरांचे ऋण मोठे आहे. परंतु शिबिर काही दिवसांचे असते आणि व्रण पक्व होण्यास वर्ष-दीड वर्ष लागते. उरलेला काळ स्थानिक डॉक्टर, परिचारिका, आईवडील आणि वसतिगृह यांच्याच हाती असतो.

एक उदाहरण सांगतो. लहानपणी भाजून कोपर आखडलेल्या एका मुलीची शस्त्रक्रिया झाली. आखडलेला व्रण सोडवून तेथे मांडीची कातडी बसवली गेली. रात्री हात सरळ ठेवणारी पट्टी, म्हणजे स्प्लिंट, कित्येक महिने बांधायची होती. आईवडील ऊसतोडीला गेलेले, घरी वृद्ध आजी. दिवाळीच्या सुट्टीत ती पट्टी खुंटीला टांगलेलीच राहिली आणि कोपर पुन्हा वाकू लागले. वसतिगृहात परतल्यावर स्वयंपाकघरातील मावशींनी रोज रात्री जेवणानंतर ती बांधण्याचे काम आपणहून स्वीकारले आणि सकाळी व्यायाम करून घेतला. आज त्या मुलीचा हात सरळ आहे. शल्यविशारदाचे कौशल्य वादातीत होते. त्या मावशींच्या नियमितपणाने ते टिकले. त्यांचेही नाव कुठल्या कागदावर नाही.

टाक्यांनंतर काय सांभाळावे?

डॉक्टरांचा सल्ला हा सर्वांत वरचा. त्यास पूरक म्हणून पुढील गोष्टी पालकांनी आणि वसतिगृहांनी ध्यानात ठेवाव्यात.

१. जखमेला स्पर्श करण्यापूर्वी हात साबणाने धुवावेत. १८४७ साली व्हिएन्नाच्या सूतिकागृहात सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना हात धुण्यास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. इतका स्वस्त व इतका परिणामकारक उपाय दुसरा नाही.

२. हळद, राख, चुना, शेण, दंतमंजन यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. पट्टी कधी उघडायची हे डॉक्टरांनीच ठरवावे. नव्याने बसवलेली कातडी पहिले काही दिवस जराही सरकता कामा नये.

३. तंबाखू, विडी, गुटखा पूर्ण बंद. निकोटिनने सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि नव्या कातडीचे रक्त तुटते. शस्त्रक्रियेच्या किमान चार आठवडे आधीपासून आणि जखम भरेपर्यंत हा नियम पाळावा. कावसजीचा देठ ज्या तत्त्वावर राखला गेला, तेच तत्त्व येथे आहे.

४. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात ठेवावी. अन्यथा जखम भरत नाही आणि जंतुसंसर्ग बळावतो.

५. डाळ किंवा अंडे खाल्ल्याने जखमेत पू होतो, हा समज खोटा आहे. जखम भरण्यास प्रथिने लागतात. वरण, शेंगदाणे, मटकी, अंडी, दूध, मासे जे परवडेल ते द्यावे. उपाशी शरीर नवी कातडी कोठून विणणार?

६. डॉक्टरांनी परवानगी देताच रुग्णाला बसवावे, चालवावे. फार काळ निश्चल पडून राहिल्यास पायांत रक्ताच्या गाठी होण्याचा व छातीत कफ साठण्याचा धोका असतो. कोणता अवयव हलवायचा व कोणता स्थिर ठेवायचा, हे विचारून लिहून घ्यावे.

७. ताप, वाढती वेदना, वाढता लालसरपणा, सूज, पू, दुर्गंधी ही जंतुसंसर्गाची लक्षणे होत. बसवलेली कातडी पांढरीफटक, निळसर किंवा काळी पडली अथवा थंड लागली तर उद्याची वाट न पाहता तत्काळ रुग्णालय गाठावे.

८. भाजल्यानंतरच्या शस्त्रक्रियेत स्प्लिंट, दाबपट्टी, व्यायाम आणि तेलाने मालिश हे महिनोन्महिने चालू ठेवावे. नव्या व्रणाला कडक उन्हापासून जपावे.

९. दुभंगलेला ओठ साधारणतः तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात आणि टाळू दीड वर्षाच्या आत दुरुस्त करण्याचा प्रघात आहे. टाळू शिवल्यानंतर स्पष्ट बोलता यावे यासाठी वाचा-उपचार आवश्यक असतो. तो टाळल्यास मूल दिसायला बरे होते, पण वर्गात बोलेनासे होते. गर्भवतीने ग्रहणात काही चिरले म्हणून ओठ फाटतो, ही अंधश्रद्धा आहे. त्यात आईचा कोणताही दोष नाही.

खर्चाच्या बाबतीत महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेची आणि शाळांतून मुलांची तपासणी करणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची माहिती पालकांनी जवळच्या शासकीय रुग्णालयातून अवश्य घ्यावी.

ही शिस्त रुग्णाच्या घरापुरती मर्यादित नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली शस्त्रक्रियागृहासाठी १९ मुद्द्यांची एक साधी तपासणी-यादी तयार केली. रुग्ण तोच आहे ना, जागा तीच आहे ना, प्रतिजैविक वेळेवर दिले ना, आतमध्ये कापसाचा बोळा राहिला नाही ना, असे हे प्रश्न आहेत. दिल्लीसह जगातील आठ शहरांत ती वापरून पाहिली असता गुंतागुंतीचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आणि मृत्यूचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आले. ही यादी मोठ्याने वाचताना परिचारिकेलाही शल्यविशारदाला थांबवण्याचा अधिकार असतो. ज्ञानाच्या क्षेत्रात उच्चनीच मोडले की माणसे वाचतात, याचा हा आधुनिक पुरावा आहे.

समारोप

या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थ्यांपुढे एक सूचना ठेवावीशी वाटते. आपल्यातील अनेक जण आज परिचारिका, औषधनिर्माते, तंत्रज्ञ आणि डॉक्टर आहेत. वसतिगृहात शुश्रूषेची एक छोटी खोली असावी, शस्त्रक्रिया होऊन परतलेल्या प्रत्येक मुलाची एक वही असावी आणि तिच्यात पट्टी केव्हा बदलली, व्यायाम केला की नाही, पुढची तपासणी कधी, हे रोज लिहिले जावे. सुट्टीत मूल गावी जाताना ती वही त्याच्याबरोबर जावी. महिन्यातून एक रविवार आपल्यापैकी कोणी येऊन ती पाहावी. यासाठी फार पैसा लागत नाही. मैत्री आणि नियमितपणा लागतो.

त्या वहीच्या पहिल्या पानावर मुलाच्या नावाखाली, त्याची निगा राखणाऱ्या व्यक्तीचे नावही लिहावे. पुण्याच्या त्या शल्यकर्त्याचे नाव आपल्याला आता कधीच कळणार नाही. पुढची नावे तरी गहाळ होऊ नयेत.